जुनी जिप्सी घेताय? पुढची चाकं खरंच ओढतात का ते तपासा

विकणारा गाडी फिरवायला देतो तेव्हा ती बहुधा टू-हायमध्ये (फक्त मागची चाकं ओढतात) असते आणि दोन्ही हब (पुढची चाकं ॲक्सलला जोडणारी कुलपं) फ्री असतात. अशा फेरीत पुढचा प्रोपेलर शाफ्ट (पुढच्या ॲक्सलकडे ताकद नेणारा दांडा), डिफरन्शियल (ती दोन चाकांत वाटणारे गिअर, थोडक्यात डिफ), ॲक्सल, सीव्ही जॉइंट (चाक वळलं तरी ॲक्सल फिरता ठेवणारा सांधा) यांतलं काहीच फिरत नसतं. मग आवाज येणार कुठून?

आधी गाडीखाली वाका. पुढचा शाफ्ट जागेवर आहे ना? व्हायब्रेशन लपवायला तो सरळ काढून ठेवतात. ‘गॅरेजमध्ये आहे’ असं उत्तर मिळालं तर बसवून दाखवायला सांगा. शाफ्ट असेल तर हाताने हलवून पाहा. क्रॉसच्या (शाफ्टच्या टोकाच्या सांध्याच्या) कपांभोवती तांबूस भुकटी दिसली, तर बेअरिंग कोरडं पडून गंजलंय.

आता जॅक. इंजिन बंद, दोन्ही हब लॉक, गाडी दोन-चार फूट ढकला म्हणजे हबचे दाते नीट बसतील. फोर-हाय (चारही चाकं ओढतात) आणि पहिला गिअर टाका, हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा. पुढचं एकच चाक उचला, खाली स्टँड द्या आणि चाक हाताने फिरवा. थोडा प्ले देऊन ते घट्ट अडलं पाहिजे. मोकळं फिरलं तर दुसऱ्याला शाफ्टकडे बघायला सांगा. शाफ्टही फिरतोय म्हणजे ट्रान्सफर केस (गिअरबॉक्सची ताकद पुढे-मागे वाटणारी पेटी) फोर-हायला लागलेलीच नाही. शाफ्ट स्थिर असेल तर दोष हब, सीव्ही, ॲक्सल किंवा डिफमध्ये.

इथे बरेच जण फसतात. उचललेल्या बाजूचं चाक मोकळं फिरतं, पण बिघाड पलीकडच्या बाजूलाही असू शकतो. डिफ ओपन (दोन्ही बाजू वेगवेगळ्या फिरू देणारा) असल्यामुळे पलीकडचा हब धरत नसेल, तर त्या बाजूचा ॲक्सल आतल्या आत उलटा फिरतो. स्वतंत्र सस्पेन्शनच्या पिकअपमध्ये दोन्ही शाफ्ट उघडे दिसतात, त्यामुळे लगेच कळतं. जिप्सीत सीव्ही नकलच्या (स्टिअरिंगसोबत वळणाऱ्या भागाच्या) गोळ्यात झाकलेला असतो, म्हणून दोन्ही हब उघडून आतला क्लच आणि स्प्लाइन (ॲक्सलवरचे दाते) पाहायच्या. एकच हब बदलून मोकळं होऊ नका.

चाक वर आहे तोवर ते वर-खाली धरून हलवा. प्ले असेल तर कोणाला तरी ब्रेक दाबायला सांगा: प्ले गेला तर व्हील बेअरिंग, राहिला तर किंगपिन (नकल ज्यावर वळतो ती पिन) बेअरिंग. डावी-उजवीकडेच हलत असेल तर टाय रॉड एंड (स्टिअरिंगच्या दांड्याचा सांधा) बघा. नकलच्या गोळ्यावर ग्रीसऐवजी पातळ तेल ओघळलं असेल, तर आतलं ॲक्सल सील गेलंय आणि डिफचं तेल तिकडे येतंय. डिफचा ब्रीदर (आतली हवा सोडणारी वाट) तुंबला असेल तर नवीन सीलही टिकणार नाही.

फेरी मातीच्या किंवा खडीच्या रस्त्यावर घ्या. जिप्सीला सेंटर डिफ (पुढचा-मागचा ॲक्सल वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा) नाही, त्यामुळे कोरड्या डांबरावर फोर-हायमध्ये वळताना गाडी अडखळते. तो दोष नव्हे. पण मोकळ्या मातीत सरळ जातानाही ती ओढल्यासारखी वागली, तर टायरची मापं किंवा पुढच्या-मागच्या डिफचा रेशो (गिअरच्या दात्यांचं प्रमाण) वेगळा असण्याची शक्यता आहे. ताशी 30-40 किमीला तीनदा ऐका: टू-हाय हब फ्री, टू-हाय हब लॉक, मग फोर-हाय. दुसऱ्या फेरीत नवा आवाज आला तर बेअरिंग, सीव्ही किंवा शाफ्ट. फक्त फोर-हायमध्ये घुमतो आणि ॲक्सिलरेटर सोडला की बदलतो, तर क्राऊन-पिनियन (डिफमधले मुख्य गिअर) किंवा ट्रान्सफर केस. मग फोर-हायमध्येच स्टिअरिंग पूर्ण वळवून सावकाश गोल फिरा, दोन्ही बाजूंना. टक-टक म्हणजे सीव्ही. शेवटी फोर-लो (चारही चाकं, वेग कमी, जोर जास्त), पहिला गिअर, ॲक्सिलरेटर दाबा-सोडा. फोर-लोचा लिव्हर आपोआप सुटला तर ट्रान्सफर केस उघडावी लागेल.

डिफच्या फिलर प्लगमधून बोटाने तेल काढा. दुधाळ असेल तर आत पाणी गेलंय, कोकणातल्या पावसाळ्यात वाहते ओढे ओलांडलेल्या गाडीत हे हमखास बघा. चकाकणारे तुकडे हाताला लागले तर क्राऊन-पिनियनचा खर्च किमतीतून वजा करूनच बोला. क्रॉस आणि सीलसाठी मात्र सौदा मोडायची गरज नाही.