इटलीच्या ट्रिपची आठवण म्हणून डिनर पार्टी ठेवताय? मग या चुका टाळा

इटली फिरून आलेल्या माणसाने घरी इटालियन जेवण ठेवलं की मेनूत सगळंच हवं असतं, रोमचा कार्बोनारा, जेनोव्हाचा पेस्टो, मिलानचा रिसोट्टो, नेपल्सचा पिझ्झा आणि वर तिरामिसू. पहिली आणि सगळ्यात मोठी चूक हीच. तिकडे प्रत्येक प्रांताचं जेवण वेगळं आहे आणि हे सगळं एका टेबलावर आलं की कशाचीच चव लक्षात राहत नाही, शिवाय तुम्ही पूर्ण संध्याकाळ गॅससमोर उभे. तुमच्या ट्रिपमधलं जे एक गाव किंवा जी एक संध्याकाळ खरंच मनात बसलीये ती घ्या आणि मेनू तिच्याभोवतीच ठेवा.

मला विचाराल तर पहिल्यांदा करणाऱ्याने सिसिली निवडावं. कापोनाता म्हणजे वांगं, टोमॅटो, सेलरी, ऑलिव्ह, केपर्सचं आंबटगोड मिश्रण, ते आदल्या दिवशी केलं तर जास्त छान मुरतं आणि गरम करायचीही गरज नाही. पुढे ‘पास्ता अल्ला नोर्मा’, यातली वांगी आणि टोमॅटोचा सॉस दुपारीच तयार ठेवता येतात. शेवटी कानोली, म्हणजे गोड रिकोटा चीज भरलेल्या तळलेल्या कुरकुरीत नळ्या, फक्त त्या नळ्या आधी भरून ठेवायच्या नाहीत, रिकोटाच्या ओलाव्याने मऊ पडतात, वाढताना भरायच्या.

दुसरी चूक म्हणजे सगळं एकदम मांडणं. तिकडे आधी आंतिपास्तो म्हणजे स्टार्टर, मग प्रिमो म्हणजे पास्ता किंवा रिसोट्टो, मग सेकोंदो म्हणजे मांस किंवा मासे आणि सोबत भाजी, मग गोड, असं एकामागून एक येतं. घरी एवढं सगळं करायची काहीच गरज नाही, आंतिपास्तो, पास्ता आणि गोड एवढ्यावर मस्त पार्टी होते, पण क्रम सोडू नका, गप्पा रंगतात त्या या दोन ताटांमधल्या वेळातच.

आता पास्ता, कारण बहुतेक पार्ट्या इथेच फसतात. पाहुणे यायच्या आधी पास्ता शिजवून, तेल लावून झाकून ठेवू नका. तेलामुळे सॉस धरत नाही आणि पास्ता आतून शिजत राहून लगदा होतो. सगळे टेबलावर बसले की मगच पास्ता पाण्यात टाकायचा, आठ-दहा मिनिटं लोक थांबतात, काही बिघडत नाही. 100 ग्रॅम पास्त्याला 1 लिटर पाणी आणि 10 ग्रॅमच्या आसपास मीठ हा तिकडचा हिशोब, आणि आठ जणांचा पास्ता एका पातेल्यात कोंबण्यापेक्षा दोन पातेली लावा. पाकिटावरच्या वेळेच्या दोन मिनिटं आधी काढून सॉसच्या पॅनमध्ये टाका, थोडं थोडं पास्त्याचंच पाणी घालत तिथे पूर्ण करा. ते पाणी ओतून देण्याआधी एक मोठा मग बाजूला काढून ठेवायचा, सॉस कोरडा झाला, तेल वेगळं सुटलं तर तेच कामी येतं.

काचो ए पेपे या चीज-मिरीच्या पास्त्याचा हट्ट असेल तर जरा नीट वाचा. पेकोरिनो चीज, मिरी आणि पास्त्याचं पाणी, बस एवढंच लागतं, आणि म्हणूनच अवघड आहे. उकळतं पाणी लागलं की चीजमधली प्रथिनं एकमेकांना चिकटतात, सॉसऐवजी रबरासारखे गोळे आणि खाली पाणी. 2025 साली काही इटालियन भौतिकशास्त्रज्ञांनी यावर चक्क शोधनिबंध छापला, त्यांचा उपाय असा की चीजच्या वजनाच्या 2 ते 3 टक्के स्टार्च घ्यायचा, म्हणजे 200 ग्रॅम चीजला साधारण 5 ग्रॅम कॉर्नफ्लोअर. ते पाण्यात कालवून घट्ट होईपर्यंत गरम करायचं, गार होऊ द्यायचं, मग त्यात बारीक किसलेलं चीज मिक्सरमधून फिरवून घ्यायचं. पास्ता गाळून मिनिटभर थांबा, गॅस बंद, मग हे मिश्रण. कार्बोनाराचंही तेच, अंड्याची भुर्जी होते ती पॅन गॅसवर ठेवून अंडं ओतल्यामुळे. आणि त्यात क्रीम नको प्लीज, क्रीमीपणा अंडं, चीज आणि पास्त्याच्या पाण्यातूनच येतो.

रिसोट्टो मी मोठ्या पार्टीला सुचवणार नाही, वीसेक मिनिटं जागचं हलता येत नाही. करायचाच तर तांदूळ धुवू नका, सवयीने हात जातोच, पण त्याचा स्टार्च गेला की रिसोट्टो कसला!

एक गोष्ट बरेच जण विसरतात आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. पाहुण्यांमध्ये कोणी शाकाहारी असेल तर पार्मिजानो रेज्जानो, ग्राना पादानो आणि पेकोरिनो रोमानो ही तिन्ही चीज चालत नाहीत, कारण ती वासराच्या किंवा कोकराच्या जठरातल्या रेनेटने, म्हणजे दूध गोठवणाऱ्या अर्काने बनतात. व्हेजिटेरियन रेनेटवालं दुसरं एखादं कडक चीज पाकीट वाचून आणा. पेस्टोतही हीच चीज असतात, म्हणजे तयार बाटलीवरचं लेबलही बघायचं. पन्ना कोत्ता या क्रीमच्या गोडात प्राण्यांपासून बनणारं जिलेटिन असतं, तिरामिसूत कच्चं अंडं, तेव्हा आमंत्रण देतानाच विचारून घ्या, ऐन जेवताना समोरच्याला ताट सरकवायला लावणं बरं दिसत नाही.

तिरामिसू पाणचट होतो कारण बिस्किटं कॉफीत बुडवून ठेवली जातात. गार कॉफीत एक बाजू, दुसरी बाजू, लगेच बाहेर, बस. आणि तो आदल्या रात्रीच करून फ्रीजमध्ये ठेवा. तरी पातळ झालाच तर कापायला जाऊ नका, चमच्याने ग्लासांत भरून द्या, चव तीच लागते. मोझरेलाचं मात्र उलटं, थेट फ्रीजमधून टेबलावर आलं तर ते बेचव लागतं, अर्धा-पाऊण तास आधी बाहेर काढा. टोमॅटो तर फ्रीजमध्ये नकोतच.

फोटो जेवणाआधी दाखवायला घेऊ नका, लोक भुकेले असतात. जी डिश समोर येईल तिच्याशी जोडलेली एखादी गोष्ट सांगा, कुठे खाल्ली, कोणी वाढली, लोक आपणहून पुढचं विचारतात.

आणि शेवटी कॅपुचिनो नको, तो तिकडे सकाळी पितात, जेवणानंतर छोटी काळी कॉफी. मोका पॉट, म्हणजे गॅसवर ठेवायचं इटालियन कॉफीचं भांडं असेल तर पाणी आतल्या व्हॉल्व्हच्या खालपर्यंतच भरा, कॉफी पावडर दाबू नका, गॅस मंद ठेवा आणि गुरगुर सुरू झाली की लगेच उतरवा, त्यानंतर जी येते ती कडू असते. आठ जणांना एक पॉट पुरत नाही, त्यामुळे दुसऱ्यांदा लावायची तयारी ठेवा.