वाटपाचा हिशेब: मालवणी ताटातल्या कॅलरी कशा मोजाव्यात

मी मालवणची. दोन वर्षांपूर्वी रक्तातली साखर वाढली, तेव्हापासून रोजचं जेवण वहीत लिहिते. स्वयंपाकघरातला साधा वजनकाटा घ्या. भाताचं वजन कच्च्या तांदळाचं की शिजलेल्याचं, हे आधी ठरवा. १०० ग्रॅम तांदळात साधारण ३५० कॅलरी, तर शिजलेल्या १०० ग्रॅम भातात १३० च्या आसपास. माझे पहिले पंधरा दिवस याच घोळात चुकले.

आपल्याकडे खरा हिशेब नारळाचा. १०० ग्रॅम ओल्या खोबऱ्यात साडेतीनशेहून जास्त कॅलरी, त्याही बहुतेक स्निग्धांशातून. म्हणून वाटपाचं, म्हणजे कालवणासाठी वाटायच्या मसाल्याचं, खोबरं आधी तोलते. सार (माशाचं कालवण) झालं की भरलेलं पातेलं तोलते, रिकाम्याचं वजन वजा करते आणि माझ्या वाटीचा वाटा काढते. कॅलरी मोजायच्या ॲपमधल्या तयार 'फिश करी'त आपलं वाटप कुठून असणार? सोलकढीतही नारळाचं दूध असतं, तीही लिहा. तेल चमच्यानेच घाला. ५ ग्रॅमला ४५ कॅलरी.

बांगडा मात्र मनापासून खा. डोकं-काटे काढून १०० ग्रॅमला सुमारे २० ग्रॅम प्रथिनं मिळतात.

खानावळीत काटा नेता येत नाही, तिथे घरच्या वाटीची सवय कामी येते. रव्यात तळलेल्या सुरमईला मी दोन चमचे तेल जास्त धरते. वडे मोजून घ्या, आणि ताटावरून उठण्याआधीच लिहा. घरी पोचेपर्यंत तिसरा वडा आठवत नाही.