पहिला गेमिंग कॉम्प्युटर: काय टिकवायचे, काय बदलायचे

कमी पैशांत गेमिंग कॉम्प्युटर जुळवून घेणाऱ्याने दुकानात जाण्यापूर्वी एका प्रश्नाचे उत्तर कागदावर लिहून ठेवावे: या यंत्रातले कोणते भाग दोन-तीन वर्षांनी बदलले जाणार आहेत आणि कोणते सहा-सात वर्षे जागचे हलणार नाहीत? ग्राफिक्स कार्ड कधीतरी बदलणार, हे जवळजवळ ठरलेलेच असते. रॅम आणि एसएसडी (खेळ साठवण्याची जागा) वाढवली जाते, प्रोसेसर बदलण्याची वेळही येऊ शकते. मदरबोर्ड (सगळे भाग ज्यावर जोडले जातात ती पाटी), एसएमपीएस (सगळ्यांना वीज पुरवणारा भाग) आणि कॅबिनेट हे तीन भाग मात्र एकदा बसले की सहसा शेवटपर्यंत तेच राहतात, आणि खेळाचा वेग त्यांच्यामुळे वाढलेला दिसत नसल्याने पहिल्या खरेदीत नेमकी याच तिघांवर काटकसर होते. शिक्षणासाठी पुण्यात राहणारी मुले घरून मिळालेल्या रकमेत पहिला कॉम्प्युटर घेतात तेव्हा हातात पडणाऱ्या कोटेशनमध्ये प्रोसेसर आणि कार्डाची नावे पूर्ण असतात, मदरबोर्डपुढे फक्त चिपसेट, म्हणजे बी५५० सारखे बोर्डाच्या वर्गाचे नाव असते आणि एसएमपीएसपुढे नुसते ‘४५० वॉट’. असे कोटेशन स्वीकारू नये. प्रत्येक भागाची कंपनी आणि पूर्ण मॉडेल लिहून मागावे.

निवडीची सुरुवात मॉनिटरपासून करणे योग्य, कारण कार्ड किती ताकदीचे हवे हे त्यावर ठरते. मर्यादित पैशांत १०८०पी रिझोल्यूशनचा, १४४ हर्ट्झ किंवा त्याहून थोडा अधिक रिफ्रेश रेट (पडदा सेकंदाला किती वेळा नवे चित्र दाखवतो तो आकडा) असलेला आयपीएस मॉनिटर पुरेसा आहे, आणि पुढचे कार्ड आल्यावरही तो वाया जात नाही. व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक २ यांसारखे स्पर्धात्मक खेळ खेळणाऱ्याला कार्डापेक्षा प्रोसेसरचा वेग अधिक उपयोगी पडतो, तर कथाप्रधान, मोठ्या जगाचे खेळ खेळणाऱ्याचा बहुतेक भार कार्डावर पडतो. आपण प्रत्यक्षात काय खेळतो, याचे प्रामाणिक उत्तर येथे हजारो रुपये वाचवते.

ग्राफिक्स कार्डासाठी एकूण रकमेचा साधारण ३५ ते ४० टक्के भाग राखून ठेवावा आणि ८ जीबीपेक्षा कमी मेमरीचे कार्ड नव्याने घेऊ नये. २०२१ मध्ये आलेले एएमडीचे आरएक्स ६६०० अजूनही १०८०पीवर मध्यम ते उच्च सेटिंगचे खेळ नीट चालवते आणि अवघी १३२ वॉट वीज घेते, त्यामुळे चांगल्या अवस्थेतले मिळाल्यास कमी पैशांसाठी ते समंजस निवड ठरते. हात थोडा सैल असेल तर २०२५ मधील एनव्हिडियाचे आरटीएक्स ५०६० किंवा एएमडीचे आरएक्स ९०६० एक्सटी यांचा विचार करावा. दुसऱ्याची १६ जीबी आवृत्ती परवडत असेल तर माझे मत तिलाच आहे, कारण नव्या खेळांत उच्च टेक्स्चर लावल्यावर ८ जीबी भरून जाते आणि कार्डावरची मेमरी नंतर वाढवता येत नाही. इंटेलच्या आर्क बी५८० मध्ये १२ जीबी मेमरी मिळते, पण त्या कार्डाला रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या स्वतःच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये, चालू असलेला, बऱ्यापैकी नवा बोर्ड लागतो. जुन्या बोर्डवर ते बसवण्याच्या भरीस पडू नये.

कार्डावर पैसे घालण्याइतकी रक्कम आज नसेल, तर आत ग्राफिक्स असलेला प्रोसेसर घेऊन कार्ड वर्षभराने घेण्याचा मार्गही आहे. एएमडीच्या रायझन ५ ८६००जी वर हलके खेळ व्यवस्थित चालतात, फक्त रॅमच्या दोन पट्ट्या लावाव्या लागतात, कारण आतले ग्राफिक्स रॅमच्याच वेगावर जगते. पुढे लावलेल्या कार्डाला हा प्रोसेसर पीसीआयई ४.० च्या (कार्ड आणि प्रोसेसर यांना जोडणाऱ्या डेटाच्या मार्गाच्या) आठच लेन देतो, पण मध्यम कार्डासाठी त्या पुरतात. जुन्या ५६००जीमध्ये मात्र पीसीआयई ३.० आहे. आठ लेनच्या नव्या कार्डाला तेथे काहीशी झळ बसते.

आता मदरबोर्ड आणि त्यावर प्रोसेसर बसतो ती जागा, म्हणजे सॉकेट. पुढे वाढवण्याची शक्यता खऱ्या अर्थाने येथे ठरते, म्हणून या भागावर सवडीने विचार करावा. सध्या नवख्या माणसासमोर तीन रस्ते येतात. पहिला एएमडीचा एएम४ सॉकेट: २०१७ पासूनचे रायझन आणि डीडीआर४ रॅम. रायझन ५ ५६०० आणि बी५५० बोर्ड ही जोडी स्वस्त आणि भरवशाची आहे, पण या सॉकेटवर नवी पिढी येणार नाही. पुढची उडी आठ कोरच्या (कोर म्हणजे एकाच वेळी काम करणारे प्रोसेसरचे भाग) ५७००एक्ससारख्या, याच सॉकेटच्या आधीच आलेल्या प्रोसेसरांपर्यंतच. दुसरा रस्ता इंटेलच्या एलजीए १७०० चा, ज्यावर १२व्या ते १४व्या पिढीचे प्रोसेसर चालतात. आय५ १२४००एफ आजही चांगला आहे, पण २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये इंटेल नव्या सॉकेटकडे गेल्यामुळे हाही रस्ता पुढे बंद आहे. शिवाय १३व्या आणि १४व्या पिढीतील वरच्या प्रोसेसरांत २०२४ मध्ये अस्थिरतेचा दोष उघड झाला होता, म्हणून पुढे वापरलेला आय७ घेऊन बसवण्याचा बेत असेल तर त्याआधी बोर्डाचे बायोस अद्ययावत करणे आवश्यक आहे. तिसरा रस्ता एएम५ चा. हा सॉकेट सप्टेंबर २०२२ मध्ये आला, त्यावर फक्त डीडीआर५ चालते, आणि २०२७ पर्यंत व त्यापुढेही तो चालू ठेवण्याचे एएमडीने जाहीर केले आहे.

ज्याचा भर पुढे वाढवण्यावर आहे त्याने शक्यतो एएम५ घ्यावे, आणि त्यासाठी सुरुवातीचे कार्ड एक पायरी खालचे घ्यावे लागले तरी चालेल. रायझन ५ ७६०० किंवा आत ग्राफिक्स नसलेला ७५००एफ यांपैकी एक घेतल्यास चार वर्षांनी त्याच बोर्डवर त्या वेळचा आठ कोरचा एक्स३डी (जादा कॅश मेमरीचा, खेळांत वेगवान) प्रोसेसर बसवता येईल, आणि बोर्ड, रॅम, कॅबिनेट यांना हात लावावा लागणार नाही. उलट ज्याला एकूण रक्कमच ओढून ताणून जुळवावी लागते, त्याने एएम४ घेण्यात काहीही कमीपणा मानू नये. फक्त पुढची मोठी वाढ म्हणजे बोर्ड, प्रोसेसर आणि रॅम असे तिन्ही बदलणे असेल, हे आजच मनात धरून ठेवावे.

बोर्ड हातात घेऊन पाहताना चार गोष्टी तपासाव्यात. रॅमच्या खाचा दोन आहेत की चार, एम.२ एसएसडीच्या जागा किती. प्रोसेसरच्या सॉकेटलगत डावीकडे आणि वर ज्या चौकोनी काळ्या चिप आणि कॉइल असतात त्यांवर ॲल्युमिनियमचा हीटसिंक बसवलेला आहे की त्या उघड्याच आहेत. आणि प्रोसेसरशिवाय बायोस अद्ययावत करण्याची सोय आहे का. तिसरा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. प्रोसेसरला वीज पुरवणारा हा भाग उघडा असलेल्या स्वस्त एच६१० किंवा ए६२० बोर्डवर आजचा सहा कोरचा प्रोसेसर चालतो, पण पुढे आठ-बारा कोरचा बसवला की तो भाग तापून प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो. बी५५०, बी६५० किंवा बी७६० मधला मधल्या किमतीचा बोर्ड घेतला की हा प्रश्न बहुतेक मिटतो. त्याहून महाग बोर्डवर पहिल्या कॉम्प्युटरसाठी खर्च करण्याचे कारण मला दिसत नाही.

एसएमपीएसबद्दल मी आग्रही आहे, कारण बाकी सर्व भागांचा जीव त्याच्या हातात असतो. दुकानात खोका उघडायला सांगून एसएमपीएसच्या कुशीवरचे लेबल वाचावे. त्यावर व्होल्टेजनुसार रकाने असतात. त्यातला ‘+१२ व्होल्ट’चा रकाना शोधून त्याखालचा अँपिअरचा आकडा बाराने गुणावा. ५५० वॉटच्या चांगल्या एसएमपीएसवर तेथे ४५ अँपिअरच्या आसपास आकडा असतो, म्हणजे ५४० वॉट. खोक्यावर मोठ्या अक्षरांत ४५० वॉट छापलेल्या एखाद्या स्वस्त एसएमपीएसवर तोच आकडा १८ निघतो, म्हणजे कार्ड आणि प्रोसेसर यांच्या वाट्याला जेमतेम २१६ वॉट येतात. एवढी एक गुणाकाराची क्रिया काउंटरवर उभे राहून केली तरी निम्मी फसगत टळते. ८० प्लस ब्रॉन्झ किंवा गोल्ड हे प्रमाणपत्र कार्यक्षमतेचे असते, सुरक्षिततेची सगळी हमी त्यात येत नाही. म्हणून पाच वर्षे किंवा अधिक वॉरंटी असलेले, नावाजलेल्या कंपनीचे मॉडेल निवडावे.

किती वॉटचे घ्यावे, याचा हिशेब सोपा आहे. रायझन ५ ७६०० कमाल ८८ वॉटच्या आसपास घेतो, आरटीएक्स ५०६० चे १४५ वॉट, आणि बोर्ड, पंखे, एसएसडी यांचे पन्नास-साठ धरले तरी बेरीज ३०० च्या आतच राहते. आजच्या गरजेला ५५० वॉट पुरतात. पण पुढे आरटीएक्स ५०७० च्या तोडीचे, २५० वॉटचे कार्ड लावायचे तर एनव्हिडिया स्वतःच ६५० वॉट सुचवते. म्हणून सुरुवातीलाच ६५० वॉटचे घ्यावे. किमतीतला फरक थोडा असतो, आणि नंतर एसएमपीएस बदलायचे म्हणजे सगळ्या वायरी पुन्हा ओढायच्या.

रॅमच्या बाबतीत काळ कठीण आहे. २०२५ च्या उत्तरार्धापासून जगभर रॅमच्या किमती झपाट्याने चढल्या, कारण एआयसाठी उभारल्या जाणाऱ्या डेटा सेंटरांकडे मेमरी चिपचा मोठा वाटा वळला. अशा वेळी १६ जीबीवर सुरुवात करून पुढे ३२ वर जाणे शहाणपणाचे आहे, पण ते कसे करावे हे बोर्डावर अवलंबून आहे. डीडीआर४ असेल तर ८ जीबीच्या दोन पट्ट्या घ्याव्यात आणि पुढे तशाच आणखी दोन लावाव्यात. डीडीआर५ वर चार पट्ट्या लावल्या की वेग बराच खाली येतो. रायझन ७००० साठी एएमडीने त्या स्थितीत अधिकृत वेग ३६०० च ठेवलेला आहे. म्हणून एएम५ वर वेगळे ग्राफिक्स कार्ड असल्यास १६ जीबीची एकच पट्टी घेऊन काही महिने थोडा वेग गमावणे आणि नंतर तंतोतंत त्याच मॉडेलची दुसरी पट्टी लावणे मला अधिक योग्य वाटते.

एसएसडी एनव्हीएमई प्रकारची, शक्यतो १ टीबीची घ्यावी. शंभर जीबीहून मोठे खेळ आता नवलाचे राहिलेले नाहीत. कॅबिनेट निवडताना समोर काच असलेले देखणे मॉडेल टाळून जाळीचे घ्यावे. एप्रिल-मे महिन्यांत पुण्याचा पारा चाळिशीला टेकतो, खोलीतली हवाच तापलेली असते आणि जिकडेतिकडे चाललेल्या बांधकामांची धूळ खिडकीतून आत येते. म्हणून पुढून हवा घेणारे दोन पंखे, मागून सोडणारा एक, आणि काढून धुता येईल अशी धुळीची जाळी असावी. तीन पंख्यांची कार्डे ३०० मिलिमीटर किंवा त्याहूनही लांब असू शकतात, त्यामुळे पुढच्या कार्डासाठी कॅबिनेटमध्ये तेवढी जागा आहे ना, हेही मोजून घ्यावे.

खरेदीसाठी टिळक रस्ता आणि सदाशिव पेठेचा परिसर पायी फिरून दोन-तीन ठिकाणची लेखी कोटेशने घ्यावीत आणि त्याच दिवशी ऑनलाइन किमतींशी ताडून पाहावीत. दुकानातली किंमत थोडी जास्त असली तरी कार्ड आणि एसएमपीएस स्थानिक दुकानातून घेण्याला माझी पसंती आहे, कारण बिघाड झाल्यास निदान समोर उभे राहून विचारता येते. जीएसटीचे पक्के बिल घ्यावे, त्यावर प्रत्येक भागाचा सीरियल नंबर लिहून घ्यावा आणि तो खोक्यावरच्या व भागावरच्या नंबराशी तिथेच जुळवावा. कच्च्या बिलावर मिळणारी सवलत पहिल्याच वॉरंटीच्या वेळी महागात जाते.

दोन प्रकारच्या ‘स्वस्त’ यंत्रांपासून नवख्याने दूर राहावे. एक म्हणजे तिसऱ्या-चौथ्या पिढीच्या जुन्या आय५, आय७ वर उभी केलेली, रंगीत दिव्यांची गेमिंग यंत्रे. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी अधिकृतपणे इंटेलची आठवी पिढी किंवा रायझन २००० आणि टीपीएम २.० (बोर्डातली सुरक्षेची सोय) लागते, आणि व्हॅलोरंट तर विंडोज ११ वर टीपीएम व सिक्युअर बूट (सुरू होतानाच सॉफ्टवेअर तपासण्याची सोय) असल्याशिवाय चालत नाही. दुसरे म्हणजे अनोळखी कंपनीचे ‘आरएक्स ५८०’. यातली बरीच कार्डे २०४८एसपी आवृत्तीची असतात, म्हणजे कोरच्या संख्येने ती आरएक्स ५७० च असतात. वापरलेले कार्ड घेणे मुळात वाईट नाही, पण विकणाऱ्याच्या घरी जाऊन अर्धा तास जड खेळ चालवून, तापमान आणि पंख्यांचा आवाज पाहूनच पैसे द्यावेत.

जोडणी दुकानात करून घेतली तरी घरी आल्यावर काही गोष्टी स्वतः पाहाव्यात. चार खाचांच्या बोर्डवर रॅमच्या दोन पट्ट्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत असाव्यात. बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्सपो (रॅम तिच्या छापील वेगाने चालवणारी सेटिंग) चालू केलेले असावे, नाहीतर ६००० वेगाची डीडीआर५ रॅम ४८०० वरच चालत राहते. मॉनिटरची वायर बोर्डाला न लावता कार्डाला लावलेली असावी आणि विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये १४४ हर्ट्झ निवडलेले असावेत, कारण ते पुष्कळदा ६० वरच राहून जाते. यूपीएस घेताना व्हीए आणि वॉट यांत गल्लत करू नये. ६०० व्हीएचा घरगुती यूपीएस साधारण ३६० वॉटच देतो, तेव्हा मॉनिटर धरून हिशेब करता १००० व्हीए किंवा अधिकचा घ्यावा. महावितरणच्या देखभालीसाठी गुरुवारी वीज जाते तेव्हा खेळ जतन करून यंत्र नीट बंद करण्यापुरती पाच-दहा मिनिटे त्यातून मिळाली की पुरे. भाड्याच्या खोलीत राहत असाल तर प्लगला अर्थिंग खरोखर आहे का, हे वायरमनकडून तपासून घ्यावे. कॅबिनेटला हात लावल्यावर बारीक झिणझिण्या आल्या, तर अर्थिंग नाही असे समजून दुरुस्ती होईपर्यंत यंत्र चालवू नये.

वर्ष-दीड वर्षाने खेळ अडखळू लागला की लगेच खरेदीला धावू नये. खेळ चालू असताना टास्क मॅनेजर आणि कार्डाच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरमध्ये वापराचे आकडे पाहावेत. कार्ड ९५ टक्क्यांच्या वर आणि प्रोसेसर निवांत असेल तर कार्ड बदलण्याची वेळ आली आहे. कार्ड साठ-सत्तर टक्क्यांवर रेंगाळत असेल आणि फ्रेम तरीही कमी पडत असतील तर प्रोसेसर मागे पडतो आहे. रॅम काठोकाठ भरलेली दिसली तर दुसरी पट्टी घ्यावी. आणि यांपैकी काहीच नसून तापमान नव्वदीकडे गेलेले असेल, तर आधी जाळी आणि पंखे साफ करून, हीटसिंकखालची पेस्ट बदलून पुन्हा मोजावे.