थंडीतल्या अवकाळीआधीचे दोन दिवस: मुरबाड-शहापूरच्या खोऱ्यात आधी काय उचलायचं

मुरबाड आणि शहापूर तालुक्यांत थंडीतला पाऊस बहुतेक वेळा एक-दोन दिवसांचाच असतो. पण तो येतो तेव्हा गरवं (उशिरा तयार होणारं) भात कापून शेतात पडलेलं असतं, गवताच्या गंजी उघड्यावर असतात, आंब्याला मोहोर फुटत असतो आणि वीटभट्टीवर कच्ची वीट वाळत असते. २०१९ च्या ऑक्टोबरअखेर क्यार आणि त्याच्या पाठोपाठ महा ही वादळं समुद्रातच राहिली, तरी कापलेल्या भाताचं व्हायचं ते नुकसान झालंच. २०१७ च्या डिसेंबरात ओखी आलं. १ डिसेंबर २०२१ ला तर आपल्या किनाऱ्यावर वादळ नसतानाही पाऊस झाला. अरबी समुद्रातून ओलसर वारं येतं, त्याच वेळी उत्तरेकडून जाणाऱ्या पश्चिमी झंझावाताचा (थंडीत पश्चिमेकडून येणाऱ्या ढगाळ हवेचा) पट्टा खाली उतरतो आणि दोन्ही आपल्या डोक्यावर भेटतात, असा हा पाऊस असतो. त्यामुळे वादळ कुठे धडकणार एवढंच पाहून निर्धास्त राहू नये.

माल पावसात भिजतो, पण कुजतो तो पाऊस थांबल्यावर, आत राहिलेल्या ओलीने. पुढची सगळी कामं हे लक्षात ठेवूनच करायची.

इशारा कसा वाचायचा

हवामान खात्याचा इशारा ‘ठाणे जिल्हा’ म्हणून येतो. त्यात मीरा-भाईंदरची खाडीही आली आणि माळशेजचा पायथाही. म्हणून जिल्ह्याचा पाच दिवसांचा इशारा तयारीसाठी वापरा. प्रत्यक्ष त्या दिवशी तीन तासांचा तातडीचा अंदाज आणि रडारचं चित्र पाहा. विजेसाठी ‘दामिनी’ अ‍ॅप फोनवर ठेवा. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं हे अ‍ॅप तुमच्या आसपास वीज पडण्याची शक्यता दाखवतं.

पिवळ्या इशाऱ्याकडे जुलैत कोणी फारसं बघत नाही, आणि तेव्हा ते चालूनही जातं. नोव्हेंबरात चालत नाही. खात्याच्या हिशेबात १५.५ मिलिमीटरपर्यंतचा पाऊस ‘हलका’ असतो. पण एका गुंठ्यावर १ मिलिमीटर पडला तरी साधारण १०० लिटर पाणी होतं. म्हणजे १५ मिलिमीटरचा हा ‘हलका’ पाऊस गुंठाभर पसरलेल्या भातावर दीड हजार लिटर ओततो.

खोऱ्यातली एक खूण अंदाजाच्या जोडीला धरावी. निरभ्र रात्री सह्याद्रीच्या उतारावरची गार हवा खाली घसरून काळू, शाई, भातसा यांच्या खोऱ्यांत साचते. म्हणून ठाणे शहरापेक्षा इथे पहाटे थंडी जास्त आणि दवही भरपूर. ढग आले की जमिनीची ऊब वर निसटत नाही. चांगली थंडी पडलेली असताना अचानक रात्र उबदार गेली, सकाळी गवतावर दव नाही आणि हवा चिकट लागते आहे, असं झालं की फोन उघडून अंदाज बघायचाच.

भात: आधी कापणी थांबवा

इशारा आला की माणसं घाई करून उरलेलं भात कापायला घेतात. हे उलट आहे. उभं पीक एक-दोन पाऊस सोसतं, कारण लोंबीवरचं पाणी निथळतं आणि वाऱ्याने सुकतं. कापून आडवं पडलेलं भात जमिनीची ओल खालून आणि पावसाची वरून घेतं. आधीच लोळलेला तुकडा तेवढा अपवाद. तो दाणा पक्का झाला असेल आणि हातात पुरेसे मजूर असतील तरच कापून त्याच दिवशी उचला. बाकी सगळी माणसं कापलेलं भात गोळा करण्यावर लावा.

वाळलेली कडपं (कापून शेतात आडव्या टाकलेल्या भाताच्या मुठी) दुपारी, दव पूर्ण सुकल्यावर बांधून भारे खळ्यावर आणा. सकाळी आठला बांधलेला भारा आतून ओला असतो. खळं लांब असेल तर शेतातल्याच उंचवट्यावर उडवी (भाताच्या पेंढ्यांची रास) रचा. खाली दगड, त्यावर लाकडं किंवा बांबू आडवे टाकून जमिनीपासून निदान फूटभर उंची घ्या आणि वर जुन्या पेंढ्याचा जाड थर द्या. पेंढ्या रचताना लोंब्या आत, बुडखे बाहेर. मधला भाग नेहमी कडेपेक्षा वीतभर उंच ठेवत जायचं, म्हणजे प्रत्येक पेंढी बाहेरच्या बाजूला उतरती बसते आणि पाणी बुडख्यावरून खाली गळतं. मध्य खोलगट राहिला तर वरून कितीही झाका, आत शिरलेलं पाणी थेट लोंबीपर्यंत जातं. उडवी बिघडण्याचं सर्वांत मोठं कारण हेच, आणि रचणाऱ्याला ते वर चढल्याशिवाय दिसत नाही.

ताडपत्री माथ्यावरून घेऊन बाजूंनी दोन-तृतीयांश खाली आणा, जमिनीपर्यंत नको. खालचा भाग उघडा राहिला की वारा खेळतो. सगळीकडून गुंडाळलेल्या उडवीत आतली वाफ ताडपत्रीला लागून पाणी होऊन परत भातावर पडते. दोरी आडवी-उभी दोन्ही बाजूंनी टाकून टोकांना दगड लटकवा. ताडपत्रीवर नुसते दगड ठेवले तर पहिल्याच झोतात ती उडते. कडी नसलेल्या जागी दोरी बांधायची तर ताडपत्रीला भोक पाडू नका. आतून गोटा धरून त्याभोवती ताडपत्री गोळा करा आणि गाठ मारा.

ओलं भात मात्र उडवीत घालायचं नाही, कितीही घाई असली तरी. ओला माल दाबून रचला की आतून तापतो, दाणा पिवळा पडतो, तांदळाला वास येतो. ज्या जातीच्या दाण्याला सुप्तावस्था (पिकल्यावर न उगवता राहण्याचा काळ) कमी, ती दोन-तीन दिवसांत लोंबीतच कोंब काढते. भिजलेल्या पेंढ्या लहान बांधून, लोंब्या वर करून, चार-पाच एकमेकींना टेकवून बांधावर उभ्या करा. पडवीत जागा असेल तर वाशांवर टांगा. कोरडं समजून रचलेल्या उडवीतही दुसऱ्या दिवशी कोपरापर्यंत हात घालून बघा. आत बाहेरच्यापेक्षा गरम लागलं तर पाऊस उघडताच उडवी मोडून पसरा.

झोडलेलं भात घरात आणलं तरी काम संपत नाही. साठवणीला ओलावा १४ टक्क्यांच्या आत लागतो. ओलावामापक नसेल तर मिठाची परीक्षा घ्या: कोरडी काचेची बाटली, त्यात एक-तृतीयांश भात, वर दोन चमचे कोरडं बारीक मीठ. झाकण लावून दोन मिनिटं हलवा आणि दहा-पंधरा मिनिटं ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर भात अजून ओलं आहे. मोकळं तळाशी पडलं तर चालेल. मीठ आधी तव्यावर कोरडं करून घ्यायला विसरू नका, दमट मिठाने परीक्षा खोटी ठरते.

पावसानंतर ऊन पडलं की भिजलेलं भात एकदम कडक उन्हात टाकायची चूक सर्रास होते. वरचा पापुद्रा झटकन सुकतो, आत ओल राहते, दाण्याला तडा जातो आणि गिरणीत तांदळापेक्षा कणीच जास्त निघते. पहिला दिवस सावलीत वाऱ्यावर ठेवा, मग उन्हात दोन-तीन बोटांच्या थराने पसरा आणि अर्ध्या-अर्ध्या तासाने पायाने किंवा दांड्याने खाली-वर करा. भिजलेलं आणि कोरडं भात एका कणगीत कधीही मिसळू नका.

पेंढा, गवत आणि गुरं

विकायचं गवत गाडीत भरायच्या तयारीत असेल तर इशाऱ्याच्या आधी वखारीत पोचवा. ओल्या गवताला वखारवाला भाव पाडून मागतो आणि ते साहजिक आहे. घरच्या गंजीचा माथा टोकदार करा आणि वरचा हातभर थर भिजणारच असं धरून चाला. पाऊस गेल्यावर तो थर काढून वेगळा वाळवायचा. काळी किंवा हिरवट बुरशी आलेला पेंढा धुऊन, वाळवूनही जनावरांना घालू नये. त्यातल्या विषाने दूध कमी होतं, गाभण जनावर गाभडू शकतं. तो खड्ड्यात टाकून खत करा.

गोठ्यात वाऱ्याच्या बाजूला गोणपाट बांधा, पण वरची फूटभर जागा मोकळी सोडा. कोंडलेल्या मूत्राच्या वाफेने वासरांची छाती भरते. शेळ्या भिजू देऊ नका. भिजलेल्या करडाला आधी कोरड्या पोत्याने चोळून कोरडं करा, मग शेकोटीजवळ घ्या. पावसानंतर फुटलेलं कोवळं लुसलुशीत गवत उपाशी जनावराला एकदम दिलं तर पोट फुगतं. आधी थोडा कोरडा पेंढा द्या. पौषात मुरबाड तालुक्यातल्या म्हसेच्या जत्रेला बैल घेऊन जाणाऱ्यांनी सोबत ताडपत्री आणि दोन दिवसांचा कोरडा चारा ठेवावा, तिथे जनावरं उघड्यावरच असतात.

वाल, हरभरा आणि आंबा

भाताच्या ओलीवर पेरलेल्या वालाला सुरुवातीच्या वाढीत हलका पाऊस लाभतोही. घात होतो तो साचलेल्या पाण्याने. भातखाचराला चारी बाजूंनी बांध असतात, म्हणून पावसाआधीच सखल कोपऱ्यातला बांध फोडून ठेवा आणि खाचरातून तिथवर फूटभर रुंद, फूटभर खोल चर काढा. दिवसभर पाणी राहिलं की मुळं गुदमरतात आणि पानं पिवळी पडतात. ढगाळ हवेत वालावर मावा आणि हरभऱ्यावर घाटेअळी वाढते, तेव्हा पाऊस गेल्यावर आठवडाभर रोज एक फेरी मारा.

मोहोरलेल्या आंब्याच्या फांद्या पाऊस थांबताच हलक्या हाताने हलवून पाणी झाडा. मोहोर ओला राहिला की भुरी आणि करपा येतो. भुरीसाठी पाण्यात मिसळणारं ८० टक्के गंधक १० लिटरला २० ग्रॅम. करप्यासाठी कार्बेन्डाझिम १२ टक्के अधिक मॅन्कोझेब ६३ टक्के हे मिश्र बुरशीनाशक १० लिटरला १० ग्रॅम. मोहोर सुकल्यावरच फवारा. फुलं पूर्ण उमलली असतील तेव्हा कीटकनाशक टाळा. माश्या-मधमाश्या मेल्या तर परागीभवन होणार नाही, मोहोर वाचला तरी फळ धरणार नाही. पावसाआधी तासभर फवारलेलं औषध धुऊन जातं, ते पैसे वाया.

वीटभट्टीवरची माणसं

कच्ची वीट झाकायला मालक धावतो. त्याच भट्टीवर गवता-पाल्याच्या खोपटात राहणारी कातकरी कुटुंबं, तान्ह्या मुलांसकट, त्याच पावसात असतात आणि त्यांच्यापर्यंत इशारा बहुतेक वेळा पोचतच नाही. गावाने ही जबाबदारी आपली मानावी. इशारा आला त्याच संध्याकाळी भट्टीवर जाऊन सांगा, शाळा किंवा समाजमंदिराची किल्ली कोणाकडे आहे ते ठरवा, धान्य आणि पांघरुणं कोरड्या जागी हलवा. नदीपात्रात किंवा ओढ्याच्या काठाला खोपटं असतील तर ती माणसं रात्र पडायच्या आत वर आणा.

विजेच्या गडगडाटात एकट्या झाडाखाली, उघड्या मांडवात किंवा भिंती नसलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये थांबू नका. पक्क्या घरात जा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास आतच राहा. शेतात अडकलात तर पाय जुळवून उकिडवे बसा, आडवे पडू नका. गुरंही झाडाला बांधलेली नसावीत. तार तुटून पडली असेल तर काठीनेही हात लावू नका, महावितरणला १९१२ वर कळवा. माणसं अडकली तर जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा क्रमांक १०७७.

पंचनाम्याआधी शेत साफ करू नका

नुकसान झालं तर शेत जसं आहे तसंच ठेवून फोटो काढा: एक लांबून, ज्यात बांध, विहीर किंवा रस्ता अशी ओळखीची खूण येईल, दुसरा जवळून, कोंब फुटलेल्या लोंबीचा. फोनमध्ये तारीख आणि ठिकाणाची नोंद चालू ठेवा आणि गट क्रमांक कागदावर लिहून तो फोटोत धरा. मग तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक या तिघांनाही कळवा, एकाला सांगून थांबू नका. सरकारी मदतीसाठी नुकसान ३३ टक्के किंवा त्याहून जास्त असावं लागतं. सातबाऱ्यावर त्या हंगामाची ई-पीक पाहणी (अ‍ॅपवरून केलेली पिकाची नोंद) नसेल तर पिकाचा पुरावाच राहत नाही, म्हणून ती हंगामातच करून ठेवा. पीकविमा असेल तर पावतीवर कोणती जोखीम धरली आहे ते आत्ताच वाचून ठेवा. काढणीनंतरच्या नुकसानीचं संरक्षण असेल तर ७२ तासांच्या आत कळवावं लागतं आणि ते तास नुकसान झाल्यापासून मोजतात.

भिजलेल्या भातातून पुढच्या वर्षीचं बियाणं ठेवायचंच असेल तर महिन्याभराने १०० दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळा आणि गोणपाट सुकू देऊ नका. आठवड्याने उघडून मोजा. ८० पेक्षा कमी दाण्यांना कोंब आले तर ते भात खाण्यासाठी ठेवा आणि बियाण्याची सोय मेच्या आधी दुसरीकडून करा.