ट्युड्रिक प्युटर घेताना आधी तळ बघा

लंडनच्या लिबर्टी कंपनीची ‘ट्युड्रिक’ नावाची प्युटरची, म्हणजे मुख्यतः कथलाच्या मिश्रधातूची, जुनी भांडी घ्यायची असतील, तर वस्तू आधी उपडी करा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून बर्मिंगहॅमच्या हॅसलर कारखान्यात बनलेल्या या भांड्यांच्या तळाशी ‘ट्युड्रिक’ ही अक्षरं आणि बहुतेकदा शून्याने सुरू होणारा नमुना क्रमांक ठोकलेला असतो. लिबर्टीचा गाजलेला डिझायनर आर्चिबाल्ड नॉक्स याची सही मात्र शोधत बसू नका. लिबर्टी आपल्या डिझायनरची नावं वस्तूंवर घालत नसे. विक्रेता ‘नॉक्स’ म्हणाला, तर क्रमांक खात्रीच्या संदर्भाशी ताडून बघा. नक्षीतल्या नुसत्या गुंफलेल्या वेली पाहून जादा पैसे मोजू नका.

वस्तूवर निळी-हिरवी मीनाकारी असेल, तर तिच्यावरून हलकेच नख फिरवा, टवका उडाला असेल तर लगेच लागतो. आत हिरव्या काचेचं भांडं बसवलेलं असेल, तर ते मूळचं आहे का, तेही विचारा.

या सुंदर वस्तूंची खरी वाट लागते ती चकचकीत करण्याच्या हौसेपायी. बफिंगने, म्हणजे यंत्रावर घासून चमकवल्याने, उठावाच्या नक्षीच्या कडा झिजतात, त्या परत येत नाहीत. कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ फडकं, बस्स. शेगडीवर तर कधीच ठेवू नका. प्युटर अडीचशे अंश सेल्सियसच्या आसपासच वितळू लागतं.