प्रोफाइल प्रोजेक्टर मागवताय? आधी कोड नीट ठरवा

भोसरीच्या वर्कशॉपसाठी परदेशातून प्रोफाइल प्रोजेक्टर (सावली मोठी करून माप घेणारं यंत्र) मागवला की इन्व्हॉइसवर पुरवठादाराने एचएस कोड, म्हणजे शुल्क ठरवायला वापरायचा मालाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक, टाकलेलाच असतो. आपण तोच सीएचएकडे (कस्टम्सचं काम बघणाऱ्या एजंटकडे) पाठवतो आणि मोकळे होतो. इथेच गडबड होते. एचएसचे पहिले सहा आकडेच सगळीकडे सारखे असतात, पुढचे दोन आपल्या टॅरिफचे, म्हणजे भारताच्या शुल्काच्या यादीचे. शिवाय 2011 पासून कस्टम्समध्ये स्वयंमूल्यांकन आहे, म्हणजे बिल ऑफ एन्ट्रीवरचा (आयातीच्या कस्टम्स अर्जावरचा) कोड तुम्ही जाहीर केलेला. कमी शुल्क भरलं गेलं असेल तर नोटीस दोन वर्षांपर्यंत येऊ शकते, आणि माहिती दडवल्याचा ठपका असेल तर पाच.

सुरुवात कॅटलॉगपासून करा. प्रश्न एकच: माप कोण घेतं? प्रोफाइल प्रोजेक्टरमध्ये जॉबवर (मोजायच्या भागावर) प्रकाश पडतो, त्याची सावली भिंगातून दहा-वीस पट मोठी होऊन काचेच्या पडद्यावर उमटते आणि त्या सावलीवरून माप निघतं. इथे काम प्रकाशाचं आहे, म्हणजे यंत्र ऑप्टिकल. तेच भिंग नुसतं पट्टीवरचे बारीक आकडे वाचायला बसवलेलं असेल, तर यंत्राला ऑप्टिकल म्हणणं ओढूनताणून होतं. अमेरिकेच्या टॅरिफमध्ये तर अशी टीपच छापलेली आहे. ती आपल्यावर बंधनकारक नाही, पण डोकं साफ करायला बरी.

आता टॅरिफचं प्रकरण 90 उघडा, ऑप्टिकल आणि मोजणीची उपकरणं तिथे येतात. कोड ठरवायचा पहिला नियम असा की शीर्षकाचे (चार आकडी कोडचे) शब्द आणि प्रकरणाच्या टिपा निर्णायक. यंत्राचं बाजारातलं नाव नाही. आधी खास शीर्षकं तपासून बाजूला काढा. जमीन मोजायचा थिओडोलाइट, लेव्हल, रेंजफाइंडर 9015 मध्ये. हातात धरून वापरायचे मायक्रोमीटर, कॅलिपर 9017 मध्ये. स्पेक्ट्रोफोटोमीटर, रिफ्रॅक्टोमीटर 9027 मध्ये, कारण ते लांबी-रुंदी नव्हे, पदार्थाचे गुण तपासतात. साधा कंपाउंड मायक्रोस्कोप 9011.

यातलं काहीच बसलं नाही की दोन उरतात: 9013 (इतरत्र न आलेली ऑप्टिकल उपकरणं) आणि 9031 (इतरत्र न आलेली मोजणी-तपासणीची उपकरणं). आपला प्रोजेक्टर दोन्हीकडे शोभतो. पण या प्रकरणाची टीप 5 सरळ सांगते, असं मोजणीचं ऑप्टिकल यंत्र 9031 मध्येच. पुरवठादाराने 9013 लिहिलं असेल तर वादाचं उत्तर या एका ओळीत आहे. कस्टम्सची क्वेरी (शंका) आली तर तीच दाखवा.

मग उपशीर्षक, म्हणजे सहा आकडी कोड. सेमीकंडक्टर वेफर तपासणारं ऑप्टिकल यंत्र 9031 41, बाकी ऑप्टिकल 9031 49. प्रोफाइल प्रोजेक्टर दुसऱ्यात, म्हणजे 9031 49 00. नुसत्या टच प्रोबने (जॉबला टेकणाऱ्या टोकाने) मोजणारं सीएमएम, म्हणजे कोऑर्डिनेट मेजरिंग मशीन, मात्र 9031 80. कॅमेरा आणि प्रोब दोन्ही असतील तर मुख्य काम कोणाचं ते पाहा.

सुट्या भागांत लोक हमखास चुकतात. सगळंच 9031 90 मध्ये ढकलायचं नसतं. फ्रेममध्ये बसवलेली जादा लेन्स स्वतःच्या शीर्षकात, 9002 मध्ये जाते. वेगळा मागवलेला संगणक 8471 मध्ये. फक्त याच यंत्रासाठी घडवलेला, दुसऱ्या कुठल्या शीर्षकात न बसणारा टेबल किंवा ब्रॅकेट तेवढा 9031 90 मध्ये.

बिल ऑफ एन्ट्रीवर ‘मेजरिंग मशीन’ एवढंच लिहू नका. ‘प्रोफाइल प्रोजेक्टर, 300 मि.मी. पडदा, जॉबची सावली प्रकाशाने मोठी करून मोजणारा, मॉडेल अमुक’ असं लिहा आणि सोबत कॅटलॉगचं ते पान अपलोड करा. वर्णन मोघम असलं की क्वेरी येते, आणि क्वेरी सुटेपर्यंत न्हावा शेवाला डेमरेज (माल पडून राहिल्याचा आकार) चढत राहतं.

मशीन महागडी असेल, किंवा तीच पुन्हा पुन्हा मागवायची असेल, तर ऑर्डर देण्याआधी मुंबईच्या कस्टम्स अ‍ॅडव्हान्स रूलिंग प्राधिकरणाकडे (आयातीआधीच कोडवर निर्णय देणाऱ्या) अर्ज करा. अर्जाला कॅटलॉग आणि वरचा सगळा युक्तिवाद जोडा. निर्णय तीन महिन्यांत द्यायची तरतूद आहे, म्हणून डिलिव्हरीची तारीख त्या हिशेबाने ठरवा.