सीओ-पीओची मोजणी करताना या चुका टाळा

महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या दुसऱ्या निकषातला २.६ हा भाग अध्ययन निष्पत्तीचा आहे. कोर्स आउटकम म्हणजे सीओ (एक विषय शिकून मुलाला काय करता यावे) आणि प्रोग्राम आउटकम म्हणजे पीओ (पूर्ण पदवीनंतर काय करता यावे) ठरवा, संकेतस्थळावर टाका आणि ते किती साध्य झाले ते मोजा, ही त्याची मुख्य मागणी. तालुक्याच्या ठिकाणच्या बऱ्याच महाविद्यालयांत मात्र हे काम आयक्यूएसी (अंतर्गत गुणवत्ता हमी कक्ष) समन्वयकाच्या गळ्यात पडते आणि एसएसआर (नॅकला द्यायचा स्वयंमूल्यमापन अहवाल) भरायची वेळ आली की पाच वर्षांची आकडेमोड एका दमात उरकली जाते. पुढच्या बहुतेक चुकांचे मूळ इथेच आहे. या मोजणीतून एकच गोष्ट कळायला हवी: मुलांना नेमका कोणता भाग आला नाही आणि पुढच्या बॅचला तो कसा शिकवायचा. हे न सांगणारा तक्ता कितीही देखणा असला तरी तो तयार करण्यात गेलेला वेळ वाया गेला.

निष्पत्ती मोघम लिहिणे

‘विद्यार्थ्यांना जल रसायनशास्त्राची माहिती होईल’ असा सीओ लिहिला की तो तपासायचा कसा, याला उत्तर नसते. मूल काय करून दाखवेल ते वाक्यात आले पाहिजे. अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यातल्या (भूजल खारट असलेल्या भागातल्या) बीएस्सीच्या वर्गासाठी तो असा लिहिता येईल: ‘विद्यार्थी ईडीटीए अनुमापनाने विहिरीच्या पाण्याचा एकूण कठीणपणा काढतो आणि आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकातील मर्यादेशी ताडून निष्कर्ष लिहितो.’

आता याचे तुकडे पाडा. बफर घालून पीएच १० च्या आसपास आणणे. एरिओक्रोम ब्लॅक टी घातल्यावर आलेला वाईनसारखा लाल रंग पूर्ण निळा होईपर्यंत थेंब थेंब अनुमापन करणे. ०.१ मिलीच्या आत जुळणारी वाचने घेणे. त्यानंतर हिशेब. पाण्याचा नमुना ५० मिली, ईडीटीए ०.०१ मोलर आणि ब्युरेटचे वाचन २२.५ मिली असेल, तर कठीणपणा २२.५ गुणिले २० म्हणजे ४५० मिलीग्रॅम प्रति लिटर. शेवटी निष्कर्ष: स्वीकार्य मर्यादा २००, दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालते, म्हणून हे पाणी नाइलाजाने वापरण्याच्या गटात मोडते.

या प्रयोगात मुलांचा हात चांगला बसतो, रंगबदलही ओळखता येतो. अडते ते हिशेबात. नमुन्याचे आकारमान विसरून उत्तर थेट २२.५ लिहिले जाते. ते बरोबर आले तरी दोन मर्यादांपैकी कोणती कधी लावायची हे सांगता येत नाही. प्रात्यक्षिकाला सरसकट २० पैकी १८ गुण दिले तर यातले काहीच कागदावर उतरत नाही. हाताळणी, वाचने, हिशेब आणि निष्कर्ष यांना प्रत्येकी ५ गुण असे रुब्रिक, म्हणजे पायरीवार गुण देण्याचा तक्ता, केले की एका तासात कळते की पुढच्या वेळी रंग नव्हे, एककांचे रूपांतर शिकवायचे आहे. रुब्रिकमधल्या प्रत्येक पायरीपुढे ५ कशाला, ३ कशाला, १ कशाला हे एका ओळीत लिहून ठेवा. दोन शिक्षकांनी तेच पाच जर्नल वेगवेगळे तपासून पाहावेत. गुणांत मोठा फरक पडला तर रुब्रिकचीच भाषा मोघम आहे.

एका विषयाला चार ते सहा सीओ पुरेत. बारा लिहिले तर एकेकाच्या वाट्याला दीड गुणाचा प्रश्न येतो आणि त्यावरून काही ठरवणे धोक्याचे. ब्लूमच्या सहा पातळ्या, म्हणजे स्मरण, आकलन, उपयोजन, विश्लेषण, मूल्यमापन आणि निर्मिती, यांपैकी सगळे सीओ पहिल्या दोनांत अडकू देऊ नका. पण प्रथम वर्षाच्या मुलांकडून ‘निर्मिती’ करवून घेण्याचा आवही आणू नका. वाणिज्य शाखेत जिनिंगच्या स्थिर आणि बदलत्या खर्चावरून ना नफा ना तोटा बिंदू काढणे हे उपयोजन झाले, आणि तेवढे नीट आले तरी पुष्कळ आहे.

पेपर आधी, सीओ नंतर

चाचणी होते, गुण लागतात आणि फाईल करताना प्रत्येक प्रश्नापुढे सीओ लिहिला जातो. हे वरातीमागून घोडे. मग लक्षात येते की सीओ ४ वर एकही प्रश्न नव्हता आणि सीओ १ वर अर्धा पेपर होता. प्रश्नपत्रिका काढण्याआधी प्रश्न क्रमांक, गुण, घटक, सीओ आणि ब्लूमची पातळी अशा पाच रकान्यांचा आराखडा करा. चार सीओ असतील आणि २० गुणांच्या दोन चाचण्या असतील तर प्रत्येक सीओला प्रत्येक चाचणीत ५, म्हणजे एकूण १० गुण मिळतात. सीओमागे दोन वेगळ्या प्रसंगी मिळून ८ ते १० गुणांपेक्षा कमी पुरावा असेल तर तो आकडा गंभीरपणे घेऊ नये, असे आमचे मत आहे.

एकाच प्रश्नात दोन सीओ मिसळू नका. ३अ आणि ३ब असे उपप्रश्न पाडा, गुणही वेगळे लिहा. नाहीतर तेच ६ गुण दोन्हीकडे मोजले जातात.

विद्यापीठाचा एकच आकडा सगळ्या सीओंना

सर्वांत जास्त दिसणारी आणि सर्वांत कमी बोलली जाणारी चूक ही. संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ असो, राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ असो की चंद्रपूर-गडचिरोलीचे गोंडवाना विद्यापीठ, संलग्न महाविद्यालयाच्या हाती येते ती विद्यार्थ्याच्या विषयवार एकूण गुणांची यादी. कोणी कोणत्या प्रश्नाला किती गुण मिळवले हे त्यात नसते. तरीही लेखी परीक्षेत ६२ टक्के मुलांनी लक्ष्य, म्हणजे आधी ठरवलेले किमान गुण, गाठले, म्हणून सीओ १ ते सीओ ५ सगळ्यांपुढे ६२ लिहिले जाते. लेखी परीक्षेचा भार अंतर्गतपेक्षा मोठा असल्यामुळे पाचही सीओंचे आकडे शेवटी जवळपास सारखे येतात. असा तक्ता कोणता घटक कच्चा आहे हे कधीच सांगू शकत नाही.

उपाय साधा आहे. विद्यापीठाचा निकाल विषयाच्या पातळीवर स्वतंत्र रकान्यात दाखवा. सीओनिहाय आकडा मात्र प्रश्ननिहाय गुण हातात असतील तिथूनच काढा: अंतर्गत चाचणी, असाइनमेंट, प्रात्यक्षिक, सेमिनार. दोन्ही एकत्र करायचेच असतील तर एकत्रित आकड्याशेजारी केवळ अंतर्गतचा सीओनिहाय आकडाही ठेवा आणि कृती ठरवताना तोच वाचा. अंतर्गत गुणांत सगळ्यांना १८-१९ देण्याची सवय असेल तर हा मार्गही बंद होतो. म्हणून चाचणीचे कच्चे, प्रश्ननिहाय गुण वेगळ्या शीटमध्ये जसे पडले तसे जपा.

गैरहजर आणि शून्य यांची गल्लत

सोयाबीनची सोंगणी आणि चाचणी एकाच आठवड्यात आली की अर्धे बाक रिकामे दिसतात. पुढे कापसाची वेचणी, पूर्वेकडे धानाची कापणी. हिवाळी सत्राच्या चाचण्या नेमक्या याच दिवसांत पडतात. गैरहजर मुलापुढे ० लिहिले तर ‘पेपर दिला, काही आले नाही’ आणि ‘मजुरीला गेला होता’ हे दोन्ही एकच होऊन बसते.

फरक किती पडतो ते पाहा. पटावर ६० मुले आहेत, चाचणीला ४६ बसली. सीओ ३ चा प्रश्न ६ गुणांचा, लक्ष्य ३ गुण, आणि ते २३ जणांनी गाठले. बसलेल्यांवर काढले तर ५० टक्के येतात. पटावर काढले तर ३८ टक्के. ५० टक्के मुलांनी लक्ष्य गाठले की पातळी १, ६० ला पातळी २, ७० ला पातळी ३ असे महाविद्यालयाने ठरवले असेल तर पहिल्या हिशेबाने पातळी १ येते आणि दुसऱ्याने शून्य. सीओसाठी बसलेल्यांचाच आकडा घ्या, आणि हजेरी किती होती ते त्याशेजारी न चुकता लिहा. ७५ टक्क्यांहून कमी मुले बसली असतील तर त्याच आराखड्यावर दुसरी प्रश्नपत्रिका काढून फेरचाचणी घ्यावी. वेळापत्रक करताना गावातल्या मुलांनाच विचारले की कोणता आठवडा टाळायचा, तर बराच त्रास वाचतो.

एक्सेलमध्ये गैरहजरांपुढे ‘अनु’ असा मजकूर लिहा. काउंट (COUNT) हे सूत्र फक्त संख्या असलेल्या चौकटी मोजते, काउंटए (COUNTA) मजकुराच्याही मोजते, त्यामुळे भाजक काढताना काउंटच वापरा. काउंटने मुलांची संख्या कमी येत असेल तर गुण मजकूर म्हणून पेस्ट झाले आहेत का ते पाहा. चौकटीच्या कोपऱ्यात हिरवा त्रिकोण दिसतो तो त्याचाच.

‘कोणतेही दोन सोडवा’ अशा प्रश्नांनाही हाच नियम. ज्यांनी प्रश्न सोडवला त्यांच्यावरच टक्केवारी काढा. आणि ४६ पैकी ९ जणांनीच तो प्रश्न घेतला असेल तर तीही नोंद करा, कारण मुले ज्या घटकाला हात लावायला घाबरतात तो आपल्याकडून नीट शिकवला गेलेला नसतो.

लक्ष्य मागाहून खाली आणणे

लक्ष्य किती आणि पातळ्या कोणत्या हे महाविद्यालयानेच ठरवायचे असते. ते सत्र सुरू होण्याआधी, आयक्यूएसीच्या इतिवृत्तात नोंदवून ठरवा. आधीच्या दोन-तीन वर्षांचा निकाल पाहून थोडे वर ठेवा. आकडे कमी आले म्हणून ५० टक्के गुणांचे लक्ष्य ४० वर आणले की सगळे सीओ पातळी ३ वर जातात आणि करण्यासारखे काही उरत नाही. दोन सीओ लक्ष्याखाली आहेत आणि त्यावर काय केले याची नोंद आहे, अशी फाईल नॅकपुढे मांडायला कशाचाच संकोच वाटायला नको.

मॅपिंगमध्ये सगळीकडे ३

पीओ काढताना प्रत्येक सीओचा आकडा त्याच्या मॅपिंगच्या भाराने, म्हणजे तो त्या पीओशी किती जोडलेला आहे हे दाखवणाऱ्या १ ते ३ मधल्या आकड्याने, गुणतात, बेरीज करतात आणि भारांच्या बेरजेने भागतात. समजा एका पीओशी तीन सीओ जोडलेले आहेत, भार ३, २, १ आणि त्यांची साध्यता १, २, ३. बेरीज ३ अधिक ४ अधिक ३ म्हणजे १०, भागिले ६, उत्तर १.६७. सगळ्यांना ३ भार दिला तर उत्तर थेट २ येते. आकडा चांगला दिसतो, पण त्या पीओसाठी सर्वांत महत्त्वाचा सीओच कच्चा आहे ही गोष्ट झाकली जाते. ज्या सीओचा पीओशी संबंध नाही तिथे चौकट कोरी सोडा. भार का दिला ते एका वाक्यात लिहिता येत नसेल तर तो देऊ नका.

सर्वेक्षणावर भिस्त

सत्राच्या शेवटी सीओ साध्य झाले का हे मुलांनाच विचारणारा गुगल फॉर्म जातो, घरात एकच फोन असतो, त्यावर भावाने सगळीकडे ‘पूर्ण सहमत’ दाबून टाकलेले असते. थेट मोजणी १.४ आणि सर्वेक्षण ३.० असेल तर ८०:२० भाराने १.७२ येतात, ५०:५० ने २.२. अप्रत्यक्ष भाग, म्हणजे सर्वेक्षण, २० टक्क्यांवर ठेवा. फॉर्म मराठीत, कागदावर, वर्गातच दहा मिनिटांत भरून घ्या, आणि ‘कोणता भाग अजून समजला नाही?’ हा एक मोकळा प्रश्न ठेवा. सगळ्या फॉर्ममधला तोच रकाना कामाचा निघतो.

विषय तपासायचा की इंग्रजी?

विज्ञान शाखेचे पेपर इंग्रजीत, मुलांचे बोलणे वऱ्हाडीत, गडचिरोलीत घरी गोंडी किंवा माडिया. लांबलचक इंग्रजी प्रश्न कळलाच नाही म्हणून उत्तर चुकले, तर तो रसायनशास्त्राचा सीओ चुकला असे म्हणणे अन्यायाचे आहे. अंतर्गत चाचणीत प्रश्न छोट्या वाक्यांत, दोन्ही भाषांत छापा. शंका असेल तिथे तोच प्रश्न तोंडी मराठीत विचारून पाहा. तोंडी उत्तर आले आणि लेखी आले नाही, तर घटक पुन्हा शिकवण्याऐवजी उत्तर लिहिण्याचा सराव द्यायला हवा. इंग्रजीत लिहिता येणे गरजेचे आहेच. त्यासाठी वेगळा सीओ किंवा पीओ ठेवा.

शिकवणाऱ्यालाच पत्ता नसणे

निम्मे विषय तासिका तत्त्वावरील प्राध्यापकांकडे असतात आणि सीओची कार्यशाळा मात्र कायमस्वरूपी प्राध्यापकांचीच होते. तासिकावाल्यांना पहिल्याच आठवड्यात सीओ, आराखडा आणि तयार एक्सेल शीट द्या. सत्र संपताना गुणांची शीट विभागप्रमुखांकडे जमा करून घ्या, कारण पुढच्या वर्षी ते दुसऱ्या तालुक्यात असतील.

मोजून झाल्यावर काहीच न करणे

कृती अहवालात ‘कच्च्या विद्यार्थ्यांसाठी जादा तास घेतले जातील’ एवढेच वाक्य दरवर्षी दिसते आणि पुढच्या बॅचचे पहिले पाढे पंचावन्न. नोंद अशी हवी: सीओ ३, साध्यता पातळी ०, कारण, मिलीपासून मिलीग्रॅम प्रति लिटरचा हिशेब येत नाही, कृती, प्रयोगाआधी एक तास केवळ हिशेबाची दहा उदाहरणे, जबाबदारी अमुक शिक्षकाची, तारीख अमुक, पुन्हा तपासणी दुसऱ्या चाचणीत ३ब ने. संलग्न महाविद्यालयाला अभ्यासक्रम बदलता येत नाही, पण शिकवण्याचा क्रम, तासांची वाटणी आणि अंतर्गत चाचणी हे सगळे आपल्याच हातात आहे. अभ्यासक्रमच अवास्तव वाटत असेल तर सलग दोन-तीन वर्षांचे सीओनिहाय आकडे जोडून विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाला पत्र द्या. दरवर्षी प्रत्येक विषयाची प्रश्नपत्रिका, आराखडा, रुब्रिक, गुणांची शीट आणि चांगल्या, मध्यम व कच्च्या अशा तीन उत्तरपत्रिकांच्या झेरॉक्स, नावे झाकून, एका पाकिटात ठेवत गेलात तर ते पत्र लिहायला अर्धा दिवस पुरतो.